येऊरचा वणवा: जाळरेषेपासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराला वणवा आपोआप लागत नाही. अमेरिकेतल्या मॉन्टानात किंवा ऑस्ट्रेलियात कोरडी वीज पडून जंगलं पेटतात. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात विजा क्वचितच पडतात. जळलेल्या पट्ट्याचा नकाशा काढला तर तो बहुतेक वेळा एका टोकाला निमुळता आणि पुढे रुंद होत गेलेला दिसतो. त्या निमुळत्या टोकाकडे चालत गेलं की कारण समोर येतं: तीन दगडांची चूल आणि बाटल्या, कचरा जाळल्याची काळी ढेप, पायवाटेवर टाकलेली विडी, राबाची (लागवडीआधी खाचरात पालापाचोळा जाळतात त्याची) न आवरलेली कड, कधी सशा-डुकरांना बाहेर काढायला मुद्दाम लावलेली काडी. नवं गवत लवकर यावं म्हणूनही आग लावतात. म्हणजे आग कुठे लागणार याचा अंदाज आधीच बांधता येतो, आणि आम्ही वनविभागाच्या कर्मचाऱ्यांबरोबर येऊर आणि नवी मुंबईलगतच्या पारसिकच्या उतारांवर जे काम करतो त्यातलं निम्म्याहून जास्त काम आग लागण्यापूर्वीचं आहे. ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

सरकारी हिशेबात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्यावर विसंबून राहू नये. 2018 साली गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या डोंगरावरचं गवत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पेटलं होतं. पावसाळा लवकर आटोपला, ऑक्टोबर कोरडा गेला, की कुसळी गवत दिवाळीनंतर लगेच पिवळं पडतं. म्हणून डोंगर फिरून पाहणं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. बरोबर त्या बीटचे वनरक्षक आणि पाड्यावरचं कोणीतरी जाणतं माणूस हवंच. पाटोणपाडा, जांभूळपाड्यातल्या वारली काकांना कुठल्या घळीत वारा कसा वळतो हे जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याच नकाशात नसतं. या फेरीत मागच्या वर्षीच्या जाळरेषा (आग अडावी म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे), ओहोळ, उघडे कातळ, विजेच्या तारा, राबाची खाचरं आणि बाहेरून येणाऱ्या पायवाटा टिपून घ्यायच्या. जंगलात अनेक पायवाटा आणि कातळ आधीच रेषेचं निम्मं काम करतात. फक्त मधल्या तुटलेल्या जागा जोडायच्या असतात.

एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (येऊर त्याचाच भाग) परवानगीशिवाय जाऊन कोणी हे काम करू नये, आणि रेषा जाळण्याचं काम नागरिकांनी तर कधीच करू नये. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली. आपलं काम कापणं, ओढणं, झाडणं आणि नंतर विझवणं.

जाळरेषा कुठे घ्यायची यावर तिचं यश ठरतं. सर्वात चांगली जागा म्हणजे धारेवर, आणि तीही अगदी माथ्यावर नाही तर आग ज्या बाजूने चढणार तिच्या पलीकडे थोडी उतरून. आग माथ्यावर पोचली की तिचा चढ संपतो, ज्वाळा आखडतात, आणि तिथे ती रेषेवर अडते. उताराच्या मधोमध आडवी काढलेली रेषा सर्वात कमकुवत. वरून जळते ओंडके, पेटलेली शेणी, मोहाच्या बुंध्याचे निखारे घरंगळत खाली येतात आणि रेषा ओलांडून खालचं गवत पेटवतात. ती नवी आग पुन्हा वर धावते. मधूनच रेषा घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर तिच्या खालच्या कडेला वीतभर खोल चर मारून मातीचा बांध घालतो, घरंगळणारं त्यात अडकतं.

रुंदीचा ढोबळ हिशेब गवताच्या उंचीच्या तिप्पट. कंबरभर गवतात सपाटीला 3 मीटर पुरतात. चढाच्या माथ्याला आणि वस्तीच्या बाजूला आम्ही 6 मीटरच्या खाली जात नाही. विळ्याने गवत घोट्याच्या खाली कापायचं. मग दाताळ्याने सगळं ओढून घ्यायचं आणि वस्तीच्या बाजूला, म्हणजे आग येणार तिच्या विरुद्ध बाजूला, पातळ पसरायचं. इथे नवशिक्यांचं चुकतं ते नेहमी एकाच जागी: कापलेलं गवत रेषेच्या कडेला ढीग करून ठेवतात. ढीग पेटला की ज्वाळा माणसाच्या उंचीच्या होतात आणि रेषा असून नसल्यासारखी. जाळून रेषा करायची असेल तर कापलेलं गवत रेषेतच सुकू देतात आणि जानेवारीत पहाटे, दव असताना, कर्मचारी पाण्याचे पंप घेऊन ते जाळतात.

रेषेत आडवं पडलेलं लाकूड दिसलं की ते बाजूला काढलंच पाहिजे. सुकलेला ओंडका वातीसारखा काम करतो. एका टोकाला पेटतो आणि दोन तासांनी पलीकडच्या टोकाला आग लावतो.

डिसेंबरमधली रेषा मार्चमध्ये फसते, याचं कारण पानगळ. साग आणि ऐन जानेवारीनंतर पानं टाकतात, आणि सागाचं एकेक पान सुपाएवढं. फेब्रुवारीच्या अखेरीस स्वच्छ केलेली रेषा पुन्हा पाचोळ्याने झाकलेली असते. दुरून रेषा दिसते, कागदावर तिची लांबी नोंदलेली असते, आणि आग तिच्यावरून चालत पलीकडे जाते. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी ब्लोअरने (वाऱ्याचा झोत मारणाऱ्या यंत्राने) रेषा झाडावीच लागते. निधी रेषा काढण्यासाठी सहज मिळतो, झाडत राहण्यासाठी मिळत नाही, आणि आमच्या मते या डोंगरांवरच्या बहुतेक मोठ्या आगींचं मूळ त्या फरकात आहे.

कारवीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. येऊरच्या बाजूला कारवी 2016 साली फुलली, नंतर 2024 साली. फुलून झाल्यावर सगळी झुडपं एकदम वाळतात आणि माणसाच्या उंचीच्या कोरड्या काड्यांचं रान उभं राहतं. फुलोऱ्यानंतरचे दोन उन्हाळे अशा भागात रेषा दुप्पट रुंद लागते, आणि आग आत शिरली तर कारवीत माणूस घालायचाच नाही. पुढच्या धारेवर थांबायचं.

आता प्रत्यक्ष आग. हत्यारांत सगळ्यात उपयोगी पडतं ते झोडपं. पूर्वी हिरव्या डहाळीने झोडपत, पण मार्चमध्ये साग, ऐन, पळस सगळे उघडे. हिरवी डहाळी शोधण्यात मोलाचा वेळ जातो, आणि उद्यानात फांदी तोडणं योग्यही नाही. त्यापेक्षा पाच-साडेपाच फुटी बांबूला ट्रकच्या मडफ्लॅपचा किंवा जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा हातभर तुकडा दोन नटबोल्टने बसवावा. खिळ्याने नको, तापून सुटतो. झोडपं खांद्याच्या वर उचलायचं नाही. जोरात आपटलं की ठिणग्या उडून पुढच्या गवतात पडतात. ज्वाळेच्या मुळाशी दाबायचं, क्षणभर तसंच धरायचं आणि जळलेल्या बाजूकडे ओढायचं.

ब्लोअर टू-स्ट्रोक असतो. पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे, साधारण लिटरला 20 ते 25 मिली. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, आणि तो नेमका आगीसमोर धरतो. पेट्रोल भरताना यंत्र बंद, थंड, आणि जागा जळलेल्या जमिनीवर, आगीपासून लांब. वाऱ्याचा झोत जमिनीला जवळजवळ समांतर, ज्वाळेच्या मुळावर, हिरव्याकडून काळ्याकडे, म्हणजे न जळलेल्या बाजूकडून जळलेल्या बाजूकडे. झोत वरून मारला तर तो भात्यासारखा आग फुलवतो. ब्लोअरवाल्याच्या मागे दोन झोडपेवाले चालतात, कारण झोताने ज्वाळा जाते, निखारा जात नाही. पाठीवरचा 16 लिटरचा पंप भरला की 16 किलोच्या वर ओझं होतं, डोंगरावर ते पाणी सोन्याच्या मोलाचं. ते ज्वाळेवर उडवायचं नाही, बुंध्यांसाठी राखून ठेवायचं.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळे जिमचे टी-शर्ट आणि ट्रॅकपँट घालून आलेल्यांना आम्ही रेषेवर घेत नाही. चामड्याचे बूट, गॉगल, कोरडा सुती रुमाल. रुमाल ओला करायची सवय सोडावी. धग लागली की वाफ तोंडावर येते. प्यायला माणशी तीन-चार लिटर पाणी.

खबर कशी मिळते? देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या नोंदी संदेशाने येतात. त्यातल्या सुओमी एनपीपी उपग्रहाच्या नोंदीतला एक ठिपका 375 मीटरचा असतो आणि तो उपग्रह दुपारी साधारण दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला वरून जातो. चार वाजता लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसते, तोवर एक अख्खी धार जळून गेलेली असते. त्यामुळे घोडबंदर रोडच्या उंच इमारतींतल्या, बेलापूरच्या गच्च्यांवरच्या माणसांची नजर आमच्यासाठी उपग्रहापेक्षा मोलाची आहे. वनविभागाची हेल्पलाइन 1926. फोनवर चार गोष्टी सांगाव्यात: जवळची ओळखीची खूण, डोंगराची कुठली बाजू, आग वर चढते आहे की आडवी सरकते आहे, आणि जवळ पाडा किंवा घर आहे का. धुराचा रंगही सांगावा. पांढरट धूर गवताचा. काळा असेल तर प्लास्टिक किंवा टायर जळत असतात आणि तिथे रुमाल पुरत नाही.

वाऱ्याचं वेळापत्रक समजल्याशिवाय या डोंगरांवर आगीजवळ जाऊ नये. येऊरची ठाण्याकडची बाजू पूर्वेला आहे. सकाळी ऊन तिच्यावर पडतं आणि वारा उतारावरून वर सरकतो. दुपारी बारा-एकच्या सुमाराला पश्चिमेकडून खारा वारा येतो आणि धार ओलांडून खाली उतरतो. सकाळी वर चढणारी आग अशा वेळी आडवी फिरते किंवा वस्तीकडे वळते. पारसिकची नवी मुंबईकडची बाजू उलट: ती पश्चिमेला. तिथे दुपारी ऊन, चढ आणि खारा वारा तिन्ही एकाच दिशेने काम करतात, आणि दुपारी एक ते पाच ही तिथली सर्वात वाईट वेळ. पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत टिकून राहिला की तो दिवस हमखास तापतो. त्या दिवशी आम्ही दोन्हीकडे माणसं सकाळीच बसवतो.

वारा फिरला की काय होतं ते 7 फेब्रुवारी 2009 रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात जगाने पाहिलं. मेलबर्नमध्ये त्या दिवशी 46.4 अंश होते. किलमोर ईस्ट इथे विजेची तार तुटून लागलेली आग उष्ण वायव्य वाऱ्याने लांबच लांब, अरुंद पट्ट्यात धावत होती. संध्याकाळी वारा नैर्ऋत्येचा झाला आणि पट्ट्याची अख्खी बगल, म्हणजे लांबची बाजू, आगीचं तोंड, म्हणजे पुढे धावणारी कड, बनली. त्या दिवसाच्या सगळ्या आगींत मिळून 173 माणसं गेली, त्यांतली सर्वाधिक किलमोर ईस्टच्या आगीत. आपल्या टेकड्यांवरची आग त्यापुढे कणभरही नाही, पण बगल आणि तोंड यांचा नियम तोच आहे. म्हणूनच बगल विझवत चालणाऱ्या तुकडीने साडेअकराला थांबून वारा पाहायचा, असा आमचा नियम आहे.

चढाचं गणित त्याहून कठोर. चढ दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. 20 अंशांच्या उतारावर आग सपाटीच्या चौपट वेगाने येते आणि माणसाचा वेग मात्र त्याच चढावर निम्मा होतो. 5 ऑगस्ट 1949 रोजी मॉन्टानातल्या मॅन गल्चमध्ये 16 प्रशिक्षित माणसं एका घळीत उतरत होती. आग त्यांच्या खालच्या बाजूने घळ ओलांडून आली आणि गवताच्या उभ्या उतारावरून त्यांच्या मागे लागली. म्होरक्या वॅग डॉजने काडी ओढून समोरचं गवत स्वतःच पेटवलं, ते वर जळत गेलं, आणि तो त्या राखेत पालथा पडून राहिला. त्याने हाका मारल्या, पण त्या क्षणी त्याच्या मागे कोणी गेलं नाही; सगळे माथ्याकडे पळाले. 13 जण गेले. डॉज वाचला, आणि माथ्यावरच्या कातळाच्या फटीतून पलीकडे निघालेले दोघे वाचले. इतक्या वर्षांनीही वाचताना गलबलतं, कारण ते बेजबाबदार नव्हते, धडधाकट तरुण होते, आणि त्यांना मारलं ते कंबरेपर्यंतही न येणाऱ्या गवताने. पुढे 1957 साली अमेरिकेच्या वनसेवेने आगीवर जाणाऱ्यांसाठी दहा हुकूम ठरवले, त्यामागे या आणि अशा दुर्घटनांचा अभ्यास होता.

डॉजची युक्ती आपण करायची नाही. ती जमायला उतार, वारा आणि गवत तिन्ही ओळखावे लागतात. त्यातला धडा एवढाच घ्यायचा की जळून गेलेली जमीन पुन्हा जळत नाही. आगीच्या वर कधी उभं राहायचं नाही. घळीत शिरायचं नाही, ती धुराड्यासारखी ओढते. सुरुवात जळलेल्या जमिनीवरून, ओहोळाच्या पात्रातून किंवा रुंद वाटेवरून करायची, म्हणजे मागून आग येऊ शकत नाही. मग दोन्ही बगला दाबत तोंडाकडे सरकायचं. समोरच्या टेकाडावर एक माणूस शिट्टी घेऊन बसतो, तो झोडपं हातात धरत नाही, त्याचं काम फक्त पाहणं. ज्वाळा चार फुटांच्या वर गेल्या की झोडपं आणि ब्लोअर दोन्ही निरुपयोगी; मागच्या रेषेवर यायचं. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत थेनीजवळ कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर 20 हून अधिक पदभ्रमणकर्त्यांचा बळी गेला. खारघर आणि पारसिकवर सकाळी चढणाऱ्यांनी म्हणून लक्षात ठेवावं: धूर दिसला की वर पळू नका, आडवे सरकून उघड्या कातळावर किंवा जळलेल्या जमिनीवर जा.

रात्री दहानंतर वारा पडतो, गवत दमट होतं, आणि पहाटेपर्यंतचा वेळ विझवायला सगळ्यात चांगला. कड्याच्या बाजूला मात्र रात्री माणूस पाठवत नाही.

ज्वाळा गेल्या म्हणजे आग विझली नाही. कडेपासून आत 30 मीटरपर्यंत प्रत्येक धुमसणारी जागा तपासायची. हाताची पाठ जमिनीजवळ धरायची. ती तळव्यापेक्षा लवकर धग ओळखते. सर्वात फसवी वस्तू म्हणजे वाळलेला शेणाचा पो. वरून राखाडी, थंड दिसतो. काठीने उलटला तर पोटात लालभडक निखारा, आणि तो तासन्‌तास तसाच राहतो. दुपारचा वारा सुटला की त्यातून ठिणगी निघते. पोकळ बुंध्यांचं तसंच: खालच्या ढोलीतून हवा आत जाते आणि वरच्या भोकातून ठिणग्या उडतात. खालचं तोंड मातीने बुजवायचं, वरून पाणी घालायचं. बुंध्याभोवती खणायचं, पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या जागेवर पुन्हा फेरी. विझलेली आग पुन्हा पेटली असं आपण ज्याला म्हणतो, ते बहुतेक वेळा ही फेरी चुकल्यामुळे.

मग उरतो काळा डोंगर, आणि तिथे लोक सर्वात जास्त घाई करतात. पहिल्या आठवड्यात जखमी प्राणी दिसला तर उचलायचा नाही, 1926 ला कळवायचं. मार्च ते मे रातवा आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. न जळलेल्या बेटांत त्यांची घरटी असतात, म्हणून तिथे फिरणं टाळायचं. मे महिन्यात उतारावरच सापडणारे सुटे दगड समपातळीत रचून घोट्याएवढे बांध घालायचे आणि घळीत जळक्या फांद्यांचे आडवे अडसर लावायचे. हे झालं नाही तर जूनच्या पहिल्या दोन पावसांत राख आणि वरची सुपीक माती दोन्ही नाल्यांतून खाडीला जातात.

पहिल्या पावसाळ्यात झाडं लावायची नाहीत. हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण डोंगर मेलेला नसतो. कोळशासारख्या दिसणाऱ्या काटकीची साल नखाने खरवडली की आत हिरवं दिसतं. तसं दिसलं नाही तरी मूळ जिवंत असू शकतं. साग, पळस, ऐन, कुडा, कुंभा जूनमध्ये बुंध्यातून नवे धुमारे फोडतात, आणि वर्षानुवर्षं पसरलेल्या मुळांच्या जोरावर ते कुठल्याही रोपवाटिकेच्या रोपापेक्षा वेगाने वाढतात. जूनमध्ये शेकडो माणसं टिकाव घेऊन चढली की खड्डे नेमके याच मुळांवर पडतात. धुमाऱ्यांना हवी असतात ती सलग काही वर्षं बिनआगीची. दरवर्षी जळालं तर ते गुडघ्याच्या वर जातच नाहीत, आणि मोकळ्या जागेत घाणेरी, रानमोडी आणि कुसळी शिरते, म्हणजे पुढच्या आगीचं सरपण.

घाणेरी नुसती छाटू नये, ती दुप्पट फुटते. मुळाचा गड्डा जमिनीखाली दोन-तीन इंचांवर टिकावाने तोडायचा आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, फळं धरण्यापूर्वी.

दुसऱ्या पावसाळ्यात फिरून पाहायचं: ज्या जागी पाच-सहा पावलांत एकही धुमारा नाही, तिथेच रोप. तेही त्याच डोंगरावरच्या जातीचं, कमरेएवढं वाढलेलं, आणि निम्मा जून उलटल्यावर. गुलमोहर आणि गिरिपुष्प नको. प्रत्येक रोपाभोवती नोव्हेंबरमध्ये मीटरभर गोल जागा खुरपून मोकळी करणारा माणूस आधी ठरवायचा. तो मिळत नसेल तर रोपांची संख्या त्या हिशेबाने कमी करायची.